लिंबाकडं बघा

ग्रंथपाल होतो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, मग वाचन भरपूर झालं असेल? मी नुसती मान हलवतो, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. नांदेडच्या एका कॉलेजात माझी हयात गेली. त्यातला सुरुवातीचा काळ मुलांना पुस्तकं शोधून देण्यात गेला आणि शेवटचा काळ त्यांचे विसरलेले पासवर्ड शोधून देण्यात. दुसऱ्या कामात पुण्य जास्त आहे, असं माझं प्रामाणिक मत झालेलं आहे. पुस्तक मिळालं नाही म्हणून रडलेला विद्यार्थी मला आठवत नाही. पासवर्ड चालत नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणून उभी राहिलेली मुलं मात्र दर पावसाळ्यात माझ्या काउंटरसमोर असायची.

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आमच्याकडं आठवड्याला एक तास असे. वेळापत्रकात त्याचं नाव होतं 'माहिती व तंत्रज्ञान साक्षरता'. मुलं त्याला कॉम्प्युटरचा तास म्हणत. काही प्राध्यापक मंडळी त्याला 'तुमचं ते टाइपिंग' म्हणत, आणि अभ्यासक्रम मागं पडला की पहिल्यांदा हाच तास मागून घेत. मी देऊनही टाकत असे. भांडलो असतो तर आणखी बऱ्याच मुलांचं भलं झालं असतं, ही चुटपुट आहेच.

या तासाला नेमकं काय शिकवायचं, हे घरच्यांनाही मला कधी नीट सांगता आलं नाही. आजची मुलं मोबाईल जन्मतःच घेऊन आल्यासारखी वापरतात, त्यांना काय शिकवायचं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण हीच मुलं कॉम्प्युटरसमोर बसली की पडद्याला बोट लावून वर सरकवायला बघायची. फाइल डाउनलोड करून ठेव म्हटलं की करायची, पण ती कुठं ठेवली हे विचारलं की, "सर, जाईल कुठं, आतच हाय ना," असं म्हणून माझीच समजूत काढायची. एकाच प्रवेशपत्राच्या डझनावारी प्रती आमच्या मशीनमध्ये निघत, आणि तरी परीक्षेच्या सकाळी ज्याचं त्याला त्यातली एकही सापडत नसे.

हे शिकवायला सोपं. अवघड असतं ते दुसरंच. समोर आलेली माहिती कुणी दिली, कधी दिली, त्याला ती कुठून कळली, एवढे तीन प्रश्न विचारायची सवय लावणं हे खरं काम. आता तर उत्तर लिहून देणारी यंत्रं मोबाईलमध्येच आली आहेत, आणि ती इतक्या नम्रपणे लिहितात की मुलांना त्यांच्यावर संशय घेणं उद्धटपणाचं वाटतं. विष्णुपुरीहून येणाऱ्या एका मुलाला मी आपल्या गावावर एक पान लिहून आण म्हणालो. त्यानं आणलेलं पान देखणं होतं. फक्त त्यात धरण भलत्याच नदीवर बांधलेलं होतं.

मी विचारलं, "बाबा, तुझ्या घराच्या गच्चीवरून धरण दिसतं ना?"

"हाव सर, दिसतं की."

"मग नदी कोणती?"

"गोदावरी." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण सर, फोनमधी असं हाय."

त्याला दोष देऊन उपयोग नव्हता. छापील किंवा झळकणाऱ्या अक्षरासमोर आपलं डोळ्यांनी पाहिलेलं मागं घ्यायचं, हे आपण सगळेच शिकलो आहोत. त्याला मी पुन्हा गच्चीवर पाठवलं आणि घरातल्या जुन्या माणसांना विचारून यायला सांगितलं. या वेळचं पान वेडंवाकडं होतं, शाईचे डाग पडलेले होते, पण नदी जाग्यावर आली होती.

आता लिंबाचं सांगतो. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब. ग्रंथालयाच्या ज्या खोलीत कॉम्प्युटर होते तिच्या खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं. पासवर्ड ही खाजगी गोष्ट असते हे मुलांना सांगून पटेना. खेड्यात खाजगी असं फारसं काही नसतंच. शेजारची पोर टाइप करायला लागली की चारजणी मान लांब करून मदतीला धावत, एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्तही करत. शेवटी मी कवायतीसारखा एक हुकूम ठरवून टाकला. कुणीही पासवर्ड टाकायला लागलं की बाकीच्यांनी खिडकीबाहेर बघायचं. "लिंबाकडं बघा," असं म्हटलं की सगळा वर्ग माना वळवी, आणि आमचे ग्रंथालय परिचर गफूरभाई, जे या वर्गात उगीचच येऊन बसत, तेसुद्धा भक्तिभावानं झाडाकडं बघत. दुसरा नियम ओटीपीचा. मोबाईलवर येणारा तो आकडा कुणी मागितला तरी सांगायचा नाही. बँकेचा साहेब म्हणाला तरी नाही, मी स्वतः मागितला तरी नाही. आवाज ओळखीचा वाटला तर फोन ठेवायचा, आणि आपल्याला स्वतःला ठाऊक असलेल्या नंबरावर उलट लावायचा. हे मी इतक्या जोरात सांगत असे की गफूरभाईंनी एकदा घरी बायकोलाही ओटीपी सांगायला नकार दिला आणि त्या दिवशी त्यांचा गॅस बुक झाला नाही.

शिकवताना वाटायचं, हे सगळं भिंतीशी बोलणं आहे. कुणाच्या डोक्यात किती उतरलं हे कळायला मार्ग नव्हता. तो एका सोमवारी सापडला.

श्रावण होता. प्रवेश नुकते संपले होते. दुपारी उदगीरकडच्या एका खेड्यातली रेणुका नावाची मुलगी काउंटरशी आली. तासाला शेवटच्या बाकावर बसायची, हजेरीला नुसता हात वर करायची, आवाज ऐकलेला नव्हता. मागं दाराशी तिचे वडील, माणिकराव, पत्र्याची ट्रंक पायाशी घेऊन बाकावर बसले होते. आठवडा-दोन आठवडे ओळखीच्यांकडं काढल्यावर तिला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. पण जागा मिळाली म्हणजे झालं नाही. वेबसाइटवर जाऊन 'स्वीकारली' असं बटण दाबावं लागतं, ते दाबलं की नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकला की जागा आपली. ही मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. त्यानंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

मी म्हटलं, मग दाब की बटण.

ती अगदी हळू म्हणाली, "सर, ओटीपी अप्पांच्या फोनवर जातो."

मला वाटलं अप्पा म्हणजे आजोबा असतील. ते उदगीरचे दुकानदार निघाले. वह्या, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि सगळी ऑनलाइन कामं. आसपासच्या खेड्यांतल्या मुलांचे अर्ज हेच अप्पा भरत. शेतात रेंज नाही, बापाचा फोन बटणांचा, तोही कधी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर राहिलेला. म्हणून अप्पांनी माणुसकीनं एक सोय काढली होती. सगळ्यांच्या अर्जात आपलाच नंबर टाकायचा. मुलं वाढली तसे नंबर कमी पडू लागले, मग अप्पांनी आणखी फोन घेतले, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर गावांची नावं लिहिली आणि गल्ल्याशेजारी ओळीनं मांडले. पासवर्डही सगळ्यांना एकच, दुकानाचं नाव आणि पुढं एक दोन तीन. आदल्याच तासाला याचा उलगडा झाला होता, कारण त्या भागातल्या दोन मुलींनी गंमत म्हणून एकमेकींचे पासवर्ड टाकून बघितले आणि दोघींची खाती उघडली. वर्ग खूप हसला होता. मीही हसलो होतो.

आता हसण्यासारखं काही नव्हतं. नंबर बदलायचा तरी त्यासाठीसुद्धा ओटीपी जुन्याच नंबरावर जातो.

मी बाहेर जाऊन माणिकरावांशी बोललो. माणूस कडक नव्हता, घाबरलेला होता. म्हणाले, "सर, हास्टेल भेटलं तर राहील. न्हाई तर सांजच्या गाडीनं परत न्यावं लागंल. पोरीला शहरात एकलीला खोली करून ठिवायची माझी छाती न्हाई." मग ट्रंकेकडं बघत म्हणाले, "आन् एकदा परत गेली की पुन्हा येणं व्हत नसतंय. पाव्हणे लई घाई करून राहिलेत." रेणुका आतून ऐकत होती. मला त्या ट्रंकेची भीतीच वाटायला लागली.

अप्पांचा नंबर रेणुकाला तोंडपाठ होता. आपला म्हणून तो एकच नंबर तिला ठाऊक होता. मी माझ्या मोबाईलवरून लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला. अप्पा श्रावणी सोमवारचे पायी देवाला गेले होते, संध्याकाळशिवाय येणार नव्हते, आणि पूजेच्या दिवशी फोन बरोबर नेत नसत. सगळे फोन दुकानातच होते. मी माझं नाव आणि कॉलेजचं नाव सांगितलं. मग ती आनंदानं म्हणाली, "सर? मी गिरिजा. अप्पांची मुलगी. तुमच्या तासाला खिडकीजवळ बसायची."

मला गिरिजा लख्ख आठवली. पदवी घेऊन घरी गेलेली, तल्लख पोर. म्हटलं, सुटलो. रेणुकाला खूण केली, तिनं काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं, पलीकडं फोन वाजल्याचा आवाज मला ऐकू आला. मी म्हणालो, "गिरिजा, आत्ता जो ओटीपी आलाय तेवढा वाच."

"न्हाई सर."

मला वाटलं रेंज गेली. पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आवाज तुमच्यासारखाच हाय सर. पण तुम्हीच शिकवलंय, आवाजावर जायचं न्हाई. मागल्या महिन्यात असाच एकजण कालेजचा साहेब म्हणून बोलला व्हता."

मी तिला समजावलं. मग विनवलं. मग जरा चिडलोही. पाच वाजले की काय होईल हे सांगितलं, पत्र्याच्या ट्रंकेचंही सांगितलं. ती म्हणाली, घाई करणारा माणूस असला की जास्त संशय घ्यायचा, हेसुद्धा तुमचंच. माझं एकेक वाक्य माझ्याच अंगावर येत होतं. शेवटी ती म्हणाली, "मी फोन ठिवते सर. लायब्ररीचा नंबर कालेजच्या वेबसाइटवर हाय. त्यावर मी लावते. तुम्ही खरे असाल तर उचलाल." आणि तिनं फोन ठेवला.

लायब्ररीचा नंबर म्हणजे काउंटरवरचा जुना फोन. तो कित्येक दिवसांत वाजलेला नव्हता. वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून आम्ही तो त्यांच्यावर ठेवत होतो, आणि पुढं पुढं वर्तमानपत्रंच त्याच्यावर ठेवायला लागलो होतो. तो जिवंत आहे की नाही, हे मला खरोखर ठाऊक नव्हतं. मी आणि रेणुका त्या ढिगाकडं बघत उभे राहिलो. माणिकराव दारात येऊन उभे राहिले होते. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, पण चेहऱ्यांवरून अंदाज आला असावा.

आणि घंटी वाजली. वाचत बसलेली मुलं आवाज कुठून येतोय म्हणून वरखाली बघायला लागली. गफूरभाई धावत आले, दोन्ही हातांनी वर्तमानपत्रं बाजूला सारली आणि अविश्वासानं म्हणाले, "सर, ये तो अपनाच बज रहा!"

मी उचलला. गिरिजानं आता मला नमस्कार केला, तब्येत विचारली आणि फोन मुलीकडं द्या म्हणाली. मुलगी खरंच तीच आहे का, हेही तिला बघायचं होतं. तिनं काय विचारलं ते मला नंतर कळलं. अर्ज भरताना लाइट गेली होती, तेव्हा तू कुठं बसली होतीस? रेणुका रिसीव्हर दोन्ही हातांत धरून म्हणाली, "शेजारी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. तुम्ही मला पाणी दिलं व्हतं, आन् गिरणीबी बंद व्हती." हे कुठल्याही वेबसाइटवर नव्हतं.

पहिला ओटीपी तोपर्यंत वाया गेला होता. रेणुकानं दुसरा मागवला. मी कागद-पेन घेऊन तिच्या शेजारी सरसावून उभा होतो. ती पलीकडचं काहीतरी ऐकून थांबली, माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाली, "सर... ताई म्हणतात, लिंबाकडं बघा."

मी कागद ठेवला आणि वळलो. गफूरभाई वळले. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यातून खिडकी आणि खिडकीतून झाड दिसत होतं. एक खार खोडावरून उतरत होती, थांबत होती, पुन्हा वर जात होती. मागं रेणुकाचं एक बोट कीबोर्डवर अक्षर शोधत होतं. प्रत्येक आकड्यानंतर ती इतकं थांबत होती की मागं वळून आपणच दाबून टाकावं असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना झाडाकडं बघायला लावलं, पण असं बघत राहणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं.

"झालं सर."

हा आवाज मोठा होता. वाचणारी मुलंसुद्धा दचकली. पडद्यावर जागा निश्चित झाल्याचा हिरवा शिक्का आला होता.

मी मागं वळलो तर माणिकरावही ट्रंकेवर हात ठेवून झाडाकडं टक लावून बघत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, "समदेच बघून राहिले तर म्हनलं, काहीतरी असंल तिथं." मी त्यांना आमच्या तासाची पद्धत सांगितली. ते म्हणाले, "म्हंजी तिचं तिला करू द्यायचं. आपण तिकडं बघायचं."

मी हो म्हणालो. याहून नेमकं मला कधीही सांगता आलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून पहिल्या तासाला मी हेच वाक्य सांगायला लागलो, आणि ते कुणाचं आहे हेही.

त्यांनी ट्रंक उचलली आणि वसतिगृहाचा रस्ता विचारला. संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच परतले. जाण्याआधी पोरीला एक सिमकार्ड आणि जुना मोबाईल घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी गिरिजानं तिकडून, रेणुकानं इकडून सगळीकडं नंबर बदलून घेतला. गिरिजा एवढ्यावर थांबली नाही. दुकानात अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ती आधी त्याचा स्वतःचा नंबर विचारायला लागली, आणि पासवर्ड टाकताना अप्पांनाच दुकानाबाहेर उभं करायला लागली. काही महिन्यांनी अप्पांचा मला फोन आला. तक्रार होती, पण आवाज हसरा होता. "सर, माझ्या पोरीला तुम्ही काय शिकवून पाठवलं? दिवसभर फोन टुणटुण करायचे, आता समदे गप्प. दुकान सुनं सुनं वाटून राहिलंय." मग आपल्या कानडी वळणानं म्हणाले, "आयतु, आयतु. झालं ते बरंच झालं. पोरं आपापल्या नंबराची झाली."

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. भाषणं झाली, नारळ झाला. काउंटरवरचा तो फोन मी स्वच्छ पुसून, वर्तमानपत्रं हलवून, नव्या माणसाच्या ताब्यात दिला आणि तो चालू आहे हे लावून दाखवलं.

परवा पेन्शनच्या एका कामासाठी वेबसाइट उघडायची होती. घरचं नेट बंद, म्हणून सवयीनं कॉलेजात गेलो. रेणुका आता शेवटच्या वर्षाला आहे. नव्या मुलांना तिथं हीच मदत करत असते, आणि तिचा आवाज बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत येतो. तिनं मला खुर्ची दिली, पान उघडून दिलं. मी बटण दाबलं आणि माझा मोबाईल वाजला. खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता.

मी मोबाईल तिच्यापुढं धरला. "रेणुका, वाच गं तेवढा आकडा."

तिनं हात पाठीमागं घेतले.

"न्हाई सर," ती म्हणाली. "अक्षर मोठं करायचं बटण हाय त्यात, मी सांगते कुठं हाय ते. वाचायचं मात्र तुम्हीच."

तिनं सांगितल्याप्रमाणं मी अक्षर मोठं करत बसलो. एका हातानं मोबाईल लांब धरून, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं आकडे शोधायला लागलो. खोलीत अचानक शांतता झाली म्हणून मान वर केली. रेणुका खिडकीकडं वळून उभी होती, आणि तिच्या मागं ती सगळी नवी मुलं, ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती, लिंबाकडं बघत होती.

माझी मुदत टळून गेली. पुन्हा ओटीपी मागवावा लागला. कुणीही वळून बघितलं नाही.